तळघराचा वास

लिफ्टचं दार तिसऱ्या मजल्यावर उघडलं आणि कॉरिडॉरमध्ये माझ्या भावाच्या झाडाचा वास होता. सकाळचे दहा वाजले होते, माझ्या हातात टपालाची दोन पाकिटं होती, आणि ते झाड मी वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी तुकडे करून एका बेकरीमागच्या कचरापेटीत टाकलं होतं. दार मिटायला लागलं, माझ्या खांद्याला लागून परत उघडलं. मी बाहेरही पडलो नाही आणि आतही सरकलो नाही. गांजाचा वास आमच्या इमारतीला नवा नाही. आता तो दुकानात कायद्याने मिळतो, फक्त इमारतीत ओढायला बंदी आहे. इथे घर मिळायला पासष्ट पूर्ण असावी लागतात, आणि पासष्टीनंतर ओकलंडमध्ये ज्याची झोप किंवा गुडघे यांपैकी एक तरी गेलेलं नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. कुणी गोळी चघळतं, कुणी मलम चोळतं, कुणी दाराखाली ओला टॉवेल लावून सरळ ओढतं. ते सगळे वास मला पाठ आहेत. लिंबाचा, पाइनच्या चिकाचा, जळक्या रबराचा. हा त्यातला नव्हता. हा ओल्या मातीचा होता, बटाट्याच्या पोत्याचा, ठेवून ठेवून सुरकुतलेल्या सफरचंदांचा, आणि सगळ्यांत शेवटी, इतर वास पुढे निघून गेल्यावर, रॉकेलचा एक थेंब. तो थेंब आला तेव्हा माझी खात्री पटली. एखादा ओळखीचा माणूस मेल्यावर रस्त्यात त्याच्यासारखी चाल दिसते, तसं हे नव्हतं. ही चाल त्याचीच होती.

"काय वेंडेल, लिफ्ट विकत घेतलीत का?" अर्लीन तिच्या दारात उभी होती. तीनशे बारा नंबर, माझ्या समोरचं घर. चौऱ्याहत्तर वर्षांची, कमरेचं हाड बदललेली, अंगावर जांभळा गाऊन. टॉवेल तिच्या खांद्यावर होता, म्हणजे दाराखाली लावायचा राहिला होता.

"तुम्ही काय ओढलंत?" मी विचारलं.

"ओढलंत म्हणे! कमरेचं औषध घेतलं. आणि मॅनेजरला सांगायला जाणार असाल तर जा, पण आधी लिफ्ट सोडा, खालची म्हातारी पंधरा मिनिटं बटण दाबत असेल."

"कुठलं आहे? नाव काय त्याचं?"

तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. सहा वर्षांच्या शेजारात मी तिला एवढे प्रश्न कधी विचारले नव्हते. मी पाण्याचे मीटर वाचणारा माणूस. एकतीस वर्षं शहराच्या पाणीखात्यात काम केलं. झाकण उचलायचं, कोळी झटकायचा, आकडा टिपायचा, झाकण लावायचं आणि पुढच्या दाराशी जायचं. घरातलं माणूस बाहेर येऊन बोलायला लागलं की मला अवघडल्यासारखं व्हायचं. ती सवय नोकरीबरोबर सुटली नाही. "तळघर," अर्लीन म्हणाली. "नावच तसं आहे. दुकानात आलं की दोन दिवसांत संपतं. तो पाचव्या मजल्यावरचा आर्मीवाला, रात्रभर टीव्हीशी भांडायचा ना, तो आता नऊ वाजता घोरतो. पुढच्या मंगळवारी ती पिकवणारी बाई स्वतः दुकानात बसणार आहे. या की दुकानाच्या गाडीत. कॉफी फुकट असते." मी बघतो म्हणालो आणि घरात आलो. पाकिटं टेबलावर ठेवली. ती उघडायची राहूनच गेली.

तळघर हे नाव माझ्या भावाने, रॉइसने ठेवलं होतं. लहानपणी फर्नडेल गावात आमच्या घराखाली आईचं तळघर होतं. बटाटे, सफरचंदं, भाज्यांच्या बरण्या, आणि कोपऱ्यात दिव्यासाठी रॉकेलचा डबा. आई मला बटाटे आणायला पाठवायची आणि मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थिजायचो. रॉइस माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो काही न बोलता माझ्या पुढे उतरायचा, टोपली भरायचा, माझ्या हातात द्यायचा आणि वर येऊन आईला सांगायचा, "डेल एकटाच गेला होता." घरात मला डेल म्हणत. आई माझ्या डोक्यावर हात ठेवायची. ते कौतुक मी खुशाल घ्यायचो. पुढे तो डोंगरात गेला, गार्बरव्हिलच्याही पलीकडे, जिथे रस्ता संपल्यावर आणखी तासभर जावं लागतं, आणि मी शहरात आलो. कुणीतरी अफगाण डोंगरातून आणलेलं बी त्याच्याकडे होतं. ते झाड बुटकं, रुंद काळपट पानांचं, पावसाच्या आधी पिकणारं. ज्याला आता दुकानात पोरं इंडिका म्हणतात आणि डॉक्टरसारखा चेहरा करून समजावतात. त्याचा त्याने इकडच्या एका उंच झाडाशी संकर केला. साठ रोपं आली. त्यातल्या एकाला हा वास होता. रोप वीतभर असताना, फूल यायच्या कितीतरी आधी, त्याचा देठ अंगठा आणि बोट यांच्यात हलकेच चोळायचा आणि बोटं नाकाशी न्यायची. डोंगरातले लोक असंच ओळखतात. रॉइसने माझा हात धरून मला ते शिकवलं होतं. बाकीची एकोणसाठ त्याने उपटली. त्या एका झाडाला तो आई म्हणायचा, तिची कलमं लावायचा, कलमाची पुन्हा आई करायचा. कलम म्हणजे लेक नव्हे, तेच झाड असतं. त्यामुळे ती कधी म्हातारी होत नव्हती. आम्ही होत होतो.

नव्याण्णव साली त्याला पकडलं आणि सहा वर्षांची सजा झाली. आत जायच्या आदल्या आठवड्यात तो एका दुपारी माझ्याकडे आला. गाडीच्या मागच्या सीटवर चादरीखाली कुंडी होती. "ही एकच आहे, डेल," तो म्हणाला. "दुसरीकडे कुठे नाही. बाकी सगळी त्यांनी कापून नेली." मला नाही म्हणता आलं असतं. मी सरकारी नोकर होतो. त्या वेळी कायदा अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे होता. शहरात आजाऱ्यांसाठी गांजाचे क्लब उघडले होते आणि डोंगरात हेलिकॉप्टरं फिरत होती. पण रॉइसने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती. मी कपडे पलंगाखाली ढकलले आणि कपाटात ट्यूबलाइट लावली. अठरा तास उजेड, सहा तास अंधार. दर तीन महिन्यांनी नवं कलम, जुनी आई कापून टाकायची. चार वर्षं मी ते केलं. माझ्या शर्टांना ओल्या मातीचा वास यायचा. पाणीखात्यात लोकांना वाटायचं की मीटरच्या खड्ड्यांचाच आहे. संध्याकाळी मी पलंगावर बसायचो, कपाटाच्या फटीतून उजेडाची उभी रेघ यायची, आणि खरं सांगायचं तर तेवढी सोबत मला पुरायची. मी तिच्याशी बोलायचो नाही. तसला माणूस मी नव्हे.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये दारावर चिठ्ठी लागली. उद्या सकाळी तपासणी, सर्व खोल्या. कसली तपासणी ते लिहिलं नव्हतं, किंवा लिहिलं असेल आणि मी वाचलं नसेल. चोराच्या मनात चांदणं. त्या संध्याकाळी मी तिला कात्रीने कापली. आधी फांद्या, मग खोड, मग मुळं मातीतून उपसून. दोन काळ्या पिशव्या झाल्या. नवं कलम पेल्यात होतं, तेही टाकलं. एवढंसं, बोटाएवढं, ते तरी ठेवायला हवं होतं, ते मी दूध ठेवायच्या कप्प्यात, चपलेच्या खोक्यात, कुठेही ठेवू शकलो असतो. सकाळी गॅसकंपनीचा माणूस आला, त्याने स्वयंपाकघरातला गीझर बघितला, एका कागदावर सही केली आणि गेला. तीन मिनिटं. कपाटाकडे त्याने पाहिलंही नाही. साप साप म्हणून भुई धोपटली होती मी. त्या दिवशी मी कामावर गेलो, नेहमीसारखे मीटर वाचले, आणि रात्री चार वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपलो. ही झोप मी स्वतःला कधी माफ केलेली नाही. झाड मारलं ते भीतीने. भ्यालेल्या माणसाला एक वेळ सोडता येतं. पण मी सुटल्यासारखा झोपलो.

त्याच्या सुटकेच्या पाच महिने आधी मी एका क्लबात जाऊन कलम आणलं. पानं रुंद, बुटकं, काळपट. दिसायला सख्खी बहीण. वास मात्र भलताच, गोडसर, द्राक्षाच्या सरबतासारखा. मी ते वाढवलं. एप्रिलमध्ये रॉइस आला. केस पांढरे झाले होते आणि नाक डाव्या बाजूला वाकलं होतं. आत कुणाशी तरी मारामारी झाली होती. मी कपाट उघडलं. तो वाकला, देठ चोळला, बोटं नाकाशी नेली आणि तसाच उभा राहिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. माझ्या कानांत ट्यूबलाइटची गुणगुण तेवढी होती. मग तो सरळ झाला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "छान राखलीस, डेल." आणि थोड्या वेळाने, कॉफी पिताना, खिडकीबाहेर बघत, "आत नाक मोडलं माझं. वास पहिल्यासारखा येत नाही." मला इतकं हलकं वाटलं की मी हसलो. भावाचं नाक मोडलं हे ऐकून मी हसलो, आणि तोही हसला.

पुढची नऊ वर्षं, दर ऑक्टोबरमध्ये, कापणी झाली की तो एक बरणी घेऊन यायचा. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर त्याच्या तिरक्या अक्षरात: तळघर. आम्ही माझ्या मागच्या जिन्यावर बसायचो. तो कागद वळायचा. त्याच्या हातांना लिंबाच्या साबणाचा वास असायचा, इतका कडक की गांजाच्या वासावर मात करायचा. मला वाटायचं, कापणीच्या दिवसांत हाताला चीक बसतो, तो घासून काढत असेल. "यंदा कशी आहे?" तो विचारायचा. "तशीच," मी म्हणायचो. "तशीच," तो म्हणायचा. द्राक्षाच्या सरबताचा धूर आमच्या दोघांच्या मधून जायचा. दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात तो गेला. पोटात गाठ होती, कळली तेव्हा उशीर झाला होता. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी त्याच्या खाटेशी बसलो होतो आणि म्हणालो, "रॉइस, तुला एक सांगायचंय." तो म्हणाला, "पाणी दे." मी पाणी दिलं. पिऊन झाल्यावर त्याने डोळे मिटले, आणि मी पेला धुवायला उठलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. त्याच्या शेवटच्या बरणीतलं निम्मं अजून माझ्या फडताळात आहे. नऊ वर्षं मी एकाच गोष्टीवर टेकून राहिलो: रॉइस फसलेला होता, आणि फसलेलाच गेला. त्याला दुखलं नाही. दुखलं ते मला, आणि ते ठीकच होतं.

आणि आता हा वास. ती एकच नव्हती. दुसरीकडे कुठेतरी होती, आणि जिथे होती तिथे रॉइसचा हात पोचला असणार. दोन रोपं शेजारी ठेवली की मोडक्या नाकालाही फरक कळतो. म्हणजे त्याला कळलं होतं का? कधी? कुठल्या ऑक्टोबरमध्ये? बुधवार, गुरुवार, शुक्रवार मी ह्याच प्रश्नाभोवती फिरलो. शनिवारी अर्लीनने दारावर टकटक केलं आणि रुमालात गुंडाळलेलं एक लहानसं फूल माझ्या हातात दिलं. "तुमचा चेहरा बघवत नाही. हे ओढा आणि झोपा. आणि टॉवेल लावा, माझ्यासारखं करू नका."

मी ते दुपारीच ओढलं, बाल्कनीत, खुर्ची अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून. आधी पापण्या जड झाल्या. मग गुडघ्यांच्या मागे ऊब आली आणि हळूहळू पोटऱ्यांत उतरली, जसं गार पाण्याच्या टबात कुणीतरी मागून कढत पाणी सोडावं. जबडा सैल झाला. तो आवळलेला होता हे तेव्हाच समजलं. खालच्या रस्त्यावरची बस थांबली आणि बराच वेळ थांबूनच राहिली, किंवा मला तसं वाटलं. ह्याला पोरं शरीराचा गांजा म्हणतात, डोक्याचा नव्हे. उठवत नाही, बसवतो. लोकांना तो का हवाय हे मला कळलं. ह्या शहरात सगळं माणसाला उठवत असतं. एक तरी गोष्ट खांद्यावर हात ठेवून बस म्हणणारी हवी. बावीस-तेवीसची पोरंसुद्धा ह्यासाठी रांग लावतात म्हणे, ज्यांची कंबर शाबूत आहे. मी बसलो होतो. तळघराच्या तिसऱ्या पायरीवर बसलो होतो आणि खाली टोपलीत बटाटे पडल्याचे आवाज येत होते, एक, एक, एक. भीती वाटत नव्हती. फक्त खाली जो होता तो वर येत नव्हता. उन्हं उतरल्यावर मला जाग आली तेव्हा गालावर ओल होती, आणि ती पुसताना मला विशेष काही वाटलं नाही. भूक मात्र प्रचंड लागली होती. मी उभ्या उभ्या चीज घालून चार ब्रेड खाल्ले.

मंगळवारी दुकानाची गाडी आली. अकरा जण होतो. अर्लीनने लिपस्टिक लावली होती. "हे बघा, कोण आलंय," तिने सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हटलं. "सरकारी माणूस. आता बिल येणार सगळ्यांना." आर्मीवाला पुढच्या सीटवर झोपलेला होता. दुकान बँकेसारखं स्वच्छ. काचेखाली बरण्या, प्रत्येकीखाली छापील पट्टी. काउंटरवरच्या मुलीने मला आजोबा न म्हणण्याची काळजी घेत विचारलं, "सर, झोपेसाठी की दुखण्यासाठी?" मी म्हणालो, दोन्हींसाठी नाही. खिडकीपाशी एक टेबल मांडलं होतं आणि त्यामागे साठी ओलांडलेली एक बाई बसली होती, दोन पांढऱ्या वेण्या, पायांत चिखलाचे बूट, नखांत कधीच न निघणारा काळेपणा. समोर झाकण काढलेली बरणी आणि कागदी पेल्यांत सहा-सात कोवळी रोपं, घरी लावू इच्छिणाऱ्यांसाठी. पाटीवर नाव होतं: जूनी हॅस्केट. रॉइसच्या तोंडून हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

गर्दी पांगेपर्यंत मी थांबलो. मग विचारलं, "ही तुमच्याकडे कुठून आली?"

"लांबड आहे," ती म्हणाली. "गाडी कधी सुटते तुमची?"

"वेळ आहे."

"मग ऐका. माझी नाहीच ती. आमच्या ओढ्याच्या पलीकडे रॉइस प्रेविट म्हणून एक होता. एका वर्षी वणवा माझ्या कुंपणापर्यंत आला, त्या आठवड्यात त्याने एक कलम आणून दिलं. म्हणाला, जूनी, एक माझ्याकडे, एक तुझ्याकडे, आणि तोंड बंद. पुढे त्याला आत टाकलं. माझ्याकडेही छापा पडेल अशी भीती होती, म्हणून त्याची त्याने शहरात भावाकडे ठेवली. भावाला सांगितलं, ही एकच आहे. मी म्हटलं, खोटं कशाला बोललास? तर म्हणे, एकच आहे म्हटलं की माणूस जास्त जपतो." ती हसली. "तर भाऊ म्हणजे नाकासमोर चालणारा. पाण्याचे मीटर वाचायचा. रॉइस सुटून आला, भावाने मोठ्या प्रेमाने कपाट उघडलं, रॉइसने देठ चोळला, आणि बघतो तर काय? भलतीच बाई!"

"पण त्याला वास येत नव्हता ना," मी म्हणालो. "नाक मोडल्यावर."

"वास येत नव्हता? डोळे बांधून तीस रोपांतून एक काढायचा तो, मरेपर्यंत. नाक नुसतं वाकडं झालं हो—" ती थांबली. बरणीवर ठेवलेला तिचा हात तसाच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं, आधी कपाळाकडे, मग हनुवटीकडे, आम्हा दोघांची हनुवटी आईची आहे. काउंटरवर अर्लीन कुणाला तरी सांगत होती की गोळ्यांना गवताची चव येते.  मग जूनीने पाटी उलटी केली, म्हणजे आता कुणी येऊ नये, आणि शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बसा, डेल," ती म्हणाली.

मी बसलो. मला उठून जायचं होतं. एकाहत्तराव्या वर्षी चोरी पकडली गेलेल्या पोरासारखे माझे कान तापले होते. लाज अशी ताजी राहते हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं तीही माणसाबरोबर म्हातारी होते. "रागावला होता का?" मी विचारलं.

"एक दिवस. तुमच्याकडून थेट माझ्याकडे आला. माझी लोणच्याची बरणी फोडली भिंतीवर. शिव्या घातल्या. मी म्हटलं, अरे, माझ्याकडे आहे की तुझी, घेऊन जा. कलम कापून दिलं त्याच्या हातात. दारापर्यंत गेला आणि परत फिरला. म्हणाला, नको. मी ही लावली तर ऑक्टोबरमध्ये बरणी घेऊन डेलकडे जावं लागेल, आणि झाकण उघडल्यावर डेलला कळेल. डेलचं नाक चांगलं आहे, मीच शिकवलंय. मी म्हटलं, कळू दे की! त्याला नको का कळायला? तर म्हणे, चार वर्षं तो त्या कपाटाशेजारी झोपलाय, जूनी. कसा झोपला असेल? तो लहानपणी तळघरात उतरायला भ्यायचा."

खिडकीबाहेर आमची गाडी उभी होती. ड्रायव्हर काच पुसत होता.

"मग ती दुसरीच लावली त्याने," जूनी म्हणाली. "तुमच्या कपाटातून नेलेली, द्राक्षवाली. त्याला आवडायची नाही. नऊ वर्षं लावली. ही माझ्याकडेच राहिली. कापणी झाली, तुमच्याकडे निघायचं ठरलं, की आदल्या सकाळी यायचा. शेडमध्ये जायचा, देठ चोळायचा, तिथेच उभा राहायचा. चहासुद्धा घ्यायचा नाही. मग बाहेरच्या नळावर हात धुवायचा. दोनदा, तीनदा, कोपरापर्यंत. लिंबाचा साबण मी त्याच्यासाठीच आणून ठेवायचे. मी चिडवायचे, काय रे, बायकोकडे निघालास का वास लपवून? तर म्हणायचा, तुला नाही कळायचं."

 बोलण्यासारखं होतं ते सगळं मागच्या जिन्यावर बोलून झालं होतं, नऊ वेळा, एका शब्दात. तशीच. मी त्याला फसवत होतो आणि तो मला फसू देत होता, आणि दोघं शेजारी बसून त्या गोड बेचव धुराची तारीफ करत होतो. मला वाटत होतं मी त्याला सांभाळतोय. पाणी दे, तो म्हणाला होता. त्याला तहान नव्हती. मी एकटाच गेलो होतो असं तो शेवटपर्यंत आईला सांगत होता.

जूनीने एक पेला माझ्यापुढे सरकवला. वीतभर रोप, पाच पानांचं, देठ अजून लवलवीत.  मी अंगठा आणि बोट यांच्यात देठ धरला, रॉइसने शिकवलं होतं तसा, जोर न लावता, आणि चोळला. बोटं नाकाशी नेली. माती. पोतं. सफरचंद. मी थांबलो. ते उशिरा येतं, थांबावं लागतं. मग तो थेंब आला.

"छान राखलीत," मी म्हणालो.

गाडीत अर्लीन माझ्या शेजारी बसली. तिने दोनदा हुंगून पाहिलं. "वेंडेल, तुमच्या हाताला किती वास येतोय. पर्समध्ये ओले रुमाल आहेत, घ्या, पुसा." मी नको म्हणालो. "अहो, लॉबीत मॅनेजर असेल. तुमच्यामुळे आम्हाला बोलणी." मी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता आणि पेला डाव्या हातात धरला होता. घरी आल्यावर कपाट उघडलं, कोट काढून पलंगावर टाकले आणि पेला आत ठेवला. ट्यूबलाइट उद्या आणायची. मग फडताळातून रॉइसची बरणी काढली, झाकणावरची तिरकी अक्षरं वाचली आणि ती पेल्याशेजारी ठेवली. रात्री मी डाव्या हाताने जेवलो. हात धुतला नाही.